चि. बाबूस: हाताची तपासणी पुढे ढकलू नकोस

म्हार्दोळ, फोंडा

चि. बाबू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर हाताचा विषय निघाला की तू "थकलोय गं, झोप झाली की ठीक होईल" म्हणतोस आणि फोन बाबांना द्यायला सांगतोस. म्हणून लिहून पाठवतेय. लिहिलेलं सावकाश वाचता येतं, आणि डॉक्टरांकडे जाताना खिशातही ठेवता येतं. माझं सांगणं एकच आहे. तुझा डावा हात न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना, दाखवायचा, आणि तो याच महिन्यात दाखवायचा. दिवाळीची सुट्टी, प्रोजेक्टची डेडलाइन, काहीही मध्ये आणू नकोस.

चवथीत मी तुझ्याकडे बघत होते. आरतीत घुमटाच्या चामड्यावर उजव्या हाताची थाप नेहमीसारखीच होती. पण मडक्याच्या मागच्या उघड्या तोंडावर डावा तळवा झाकून-उघडून जो घुमार काढायचा, तिथे तुझा हात मागे पडत होता. साथीच्या शमेळाचा ठेका पुढे निघून जायचा आणि तुझा तळवा अजून तोंडावरच असायचा. पुढच्या आरतीला तू घुमट काकांच्या मुलाकडे दिलंस. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गणपतीला निघालास तेव्हा डाव्या मनगटाचं बटण सहज लावलंस. उजव्या मनगटाचं बटण डाव्या हाताने लावावं लागतं. ते निसटलं, पुन्हा निसटलं, आणि तू दोन्ही बाह्या दुमडून घेतल्यास. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, वॉर्डात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. पेशंट तोंडाने बरा आहे म्हणत असतो तेव्हा त्याच्या हातांकडे बघायची सवय आम्हा सिस्टरांना आपोआप लागते.

तू स्वतः सांगितलेल्या दोन गोष्टी मला याहून महत्त्वाच्या वाटतात. ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून बोटांत जीव राहत नाही, ही एक. ऑफिसच्या एसीत बोटं आखडतात आणि बाहेर उन्हात आलास की सुटतात, ही दुसरी. डॉक्टरांना या दोन्ही अशाच्या अशा सांग. "वीकनेस आहे" एवढंच सांगून थांबलास तर समोरचा माणूस टॉनिक लिहून देईल, आणि त्यात त्याचीही फारशी चूक नसेल. अंगात थकवा असणं आणि स्नायूची शक्ती जाणं या दोन निराळ्या तक्रारी आहेत. थकलेल्या माणसाला डबा उघडायचा कंटाळा येतो, पण मनावर घेतलं तर तो उघडतो. शक्ती गेलेल्या हाताला कितीही मनावर घेतलं तरी जमत नाही. आणखी एक प्रकार असतो, त्यात शक्ती पूर्ण असते पण बोटं अडखळतात, संथ होतात किंवा नेम चुकतो. तुझं नक्की काय होतंय ते तुझ्याइतकं कोणी सांगू शकणार नाही. बटण लावताना, केस बांधायचा रबर ताणताना (तुझे केस वाढलेत म्हणून म्हणते), किल्ली फिरवताना, टाइप करताना, कुठे काय अडतं ते मोबाइलवर लिहून ठेव. जमलं तर मित्राकडून व्हिडिओ काढून घे. तपासणीच्या खोलीत हात कधीकधी शहाण्यासारखा वागतो.

थकवा आणि हात यांचं मूळ एकच असेल असंही धरून चालू नकोस. रात्री दोनपर्यंत जागून सकाळी नऊला लॉगिन करणारा मुलगा थकणारच. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, यांची रक्ततपासणी त्यासाठी होईलच. मात्र डॉक्टर विचारतील की सकाळी बरं असतं आणि दिवस चढेल तसा जोर कमी होतो का, विश्रांती घेतली की परत येतो का, संध्याकाळी पापणी जड होते का, एकाचे दोन दिसतात का. हे मायस्थेनियासाठी विचारतात. त्यात नसेकडून स्नायूला निरोप पोचण्याच्या जागीच अडथळा येतो, आणि त्याला चांगली औषधं आहेत. पूर्वी कधी एक डोळा दुखून काही दिवस धूसर दिसलं होतं का, हेही विचारतील. ते मल्टिपल स्क्लेरोसिससाठी, ज्याला सगळे एमएस म्हणतात. त्यात मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो आणि थकवा त्यातली मोठी तक्रार असते. पण त्यात बहुधा उष्णतेने त्रास वाढतो, आणि तुझा थंडीत वाढतो.

थंडीचं ऐकलं तेव्हा मला वॉर्डातली तरुण मुलं आठवली. जपानच्या हिरायामांनी १९५९ मध्ये एका आजाराचं वर्णन केलं, त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. तो मुख्यतः पंधरा ते पंचविशीतल्या मुलग्यांना होतो, आणि आपल्या देशातही बराच दिसतो. मान पुढे वाकवली की मज्जारज्जूभोवतीचं आवरण पुढे सरकतं आणि रज्जू पुढच्या मणक्यांवर दाबला जातो. असं वर्षानुवर्षं होत राहिलं की हाताचे स्नायू चालवणाऱ्या तिथल्या पेशी मरायला लागतात. दुखत नाही, मुंग्याही सहसा येत नाहीत, फक्त एका हाताचा पंजा आणि कोपराखालचा भाग हळूहळू बारीक होतो आणि थंडीत बोटं जास्तच लुळी पडतात. काही वर्षं वाढून तो बहुतेकांत आपला आपण थांबतो. पण तोवर गेलेला स्नायू सहसा परत भरत नाही, म्हणून लवकर ओळखून मानेला कॉलर लावतात. यात एक मेख आहे. मान सरळ ठेवून काढलेला नेहमीचा एमआरआय यात जवळजवळ नॉर्मल येऊ शकतो. मान पुढे वाकवून काढलेल्या फोटोतच तो दाब नीट दिसतो. तुला हेच आहे असं मी म्हणत नाही, ते सांगायचा अधिकार हात तपासणाऱ्याचा. पण तू तेवीस वर्षांचा मुलगा आहेस, दिवसभर लॅपटॉपवर मान खाली घालून बसतोस, एकच हात चुकतोय आणि थंडीत जास्त चुकतोय. एमआरआय ठरला तर "मान वाकवूनही काढायला हवा का?" एवढं नक्की विचार.

याहून साधी कारणंही आहेत आणि ती जास्त लोकांत सापडतात. मधली बोटं आणि अंगठा बधिर होऊन रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल तर मनगटात नस दबलेली असते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाचा अर्धा भाग असेल तर कोपराकडची नस, आणि तू टेबलावर कोपर टेकवून बसतोस हे मला माहीत आहे. म्हणून कोणतं बोट, कोणती बाजू, हे नीट बघून ठेव. कोपरामागची ती नस जाड लागते का आणि अंगावर कुठे न खाजणारा, बधिर चट्टा आहे का, हेही डॉक्टर बघतील. ते कुष्ठरोगासाठी असतं. नाव ऐकून दचकू नकोस. आजही आपल्याकडे हाताची नस जाण्यामागे तो असू शकतो, त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर हात वाचतो. लोक नावाला घाबरून लपवतात आणि बोटं वाकडी झाल्यावर येतात, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

आता जेवणाचं. पुण्याला गेल्यापासून तू नुस्तं (मासे) सोडलंस, अंडी सोडलीस, आणि दूध तर तुला कधी आवडलंच नाही. तो तुझा निर्णय आहे, त्यावर माझा वाद नाही. पण बी-१२ हे जीवनसत्त्व याच पदार्थांतून मिळतं, आणि ते कमी पडलं की थकवा, मुंग्या, हातापायांचा तोल जाणं, सगळं होऊ शकतं. हिमोग्लोबिन अगदी नॉर्मल असूनही होतं. शरीरातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे एवढ्यात तो संपला असेल असं मला वाटत नाही. पण तू ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेतोस, आणि दीर्घकाळ घेतल्या तर त्यांनीही बी-१२ नीट शोषलं जात नाही. म्हणून तपासणी हवीच. आणि रक्त देईपर्यंत मेडिकलवाल्याने दिलेल्या बी-१२च्या त्या लाल गोळ्या किंवा इंजेक्शन घेऊ नकोस. आधीच घेतलं की रक्तात आकडा वर दिसतो आणि खरी कमतरता झाकली जाते. आतापर्यंत घेतल्या असतील तर पाकीट डॉक्टरांना दाखव. त्यांत बी-६ असतं, आणि ते मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते.

तू बाबांकडे स्टीफन हॉकिंगचं नाव काढलंस, ते त्यांनी मला सांगितलं. म्हणजे रात्री काय वाचत बसतोस ते कळलं. हॉकिंगना ऑक्सफर्डच्या शेवटच्या वर्षी हात-पाय अडखळायला लागल्याचं जाणवलं आणि १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी, मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या पेशी मरत जाण्याचा आजार, असल्याचं कळलं, हे खरं आहे. पण मुळात हा आजार दुर्मीळ. आमच्या वॉर्डात आलेले त्याचे पेशंट बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे किंवा पुढचे होते, आणि तुझ्या वयात त्याच्यासारखी दिसणारी दुसरी कारणं जास्त असतात. पापणी किंवा पोटरी फडफडते म्हणून तो आजार ठरत नाही. निरोगी, जागरण करणाऱ्या, कॉफी पिणाऱ्या माणसालाही तसं होतं. तुला काहीच नाही, असा शब्द मी देणार नाही. मला तो देता येत नाही आणि तू त्यावर विश्वासही ठेवणार नाहीस. पण वर लिहिलेल्यांपैकी बहुतेक कारणांवर काही ना काही करता येतं, आणि मानेत मज्जारज्जू दबला असेल किंवा बी-१२ संपलं असेल तर जितका उशीर तितकं कमी परत मिळतं. भीतीपोटी डॉक्टरांकडे न जाणाऱ्यांचं नुकसान होताना मी डोळ्यांनी बघितलंय.

तपासणीत घाबरण्यासारखं काही नसतं. चांगला न्यूरोलॉजिस्ट मशीनकडे वळण्याआधी स्वतःच्या हातांनी बघतो. दोन्ही पंजे शेजारी ठेवून अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग सारखा भरलाय का ते पाहील. मूठ भराभर उघड-मीट करायला सांगेल, निरोगी माणसाची दहा सेकंदांत वीसेक वेळा तरी होते. हातोडीने कोपरावर, गुडघ्यावर ठोकेल, पायाच्या तळव्यावर रेघ ओढेल, सरळ रेषेत चालवेल. हाताच्या तक्रारीत पाय कशाला, असं तुला वाटेल, पण बिघाड मानेतल्या मज्जारज्जूत आहे की खाली हाताच्या नसेत, ते पायच सांगतात. मग नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी, म्हणजे नसा आणि स्नायू कसे चालतात ते मोजायच्या तपासण्या. पहिल्यात विजेचे छोटे झटके असतात, दुसऱ्यात स्नायूत बारीक सुई घालतात. थोडं दुखतं, सहन होतं.

तोपर्यंत बाइक चालवू नकोस. क्लच ऐनवेळी सुटला तर काय होईल ते तुला सांगायला नको. आणि सलूनमध्ये मान मोडून घेतोस ना, ते आजपासून बंद. आजी देवीला कौल लावणार आहे, लावू दे तिला. तिचं मन शांत होईल आणि आपली तपासणी त्यासाठी अडत नाही.

एक मात्र लक्षात ठेव. हात किंवा चेहऱ्याची एक बाजू अचानक गेली, बोलणं अडखळलं, पायांची शक्ती दिवसागणिक कमी होत वर चढू लागली, श्वास घ्यायला त्रास झाला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. मला फोन करण्याआधी १०८ ला कर.

पुण्यात दाखवायचं असेल तर मी येते. इथे यायचं असेल तर रात्रीच्या बसने ये, फोंड्याला उतरलास की बाबा गाडी घेऊन उभे असतील, तिथून थेट बांबोळी. पैशांचा विचार करू नकोस, गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, डीडीएसएसवायच्या, कार्डावर तुझं नाव आहे. जुने रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि मोबाइलवरची ती यादी बरोबर घे. तारीख रविवारपर्यंत कळव, म्हणजे बाबांना रजा टाकता येईल. डॉक्टरांच्या खोलीत मी आत यायचं की बाहेर बसायचं, ते तू ठरव.

तुझी
आई