सौरपंप बसवल्याची नोंद झाली, दुरुस्ती कोणाकडे मागायची?

माननीय ऊर्जामंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

विजेच्या जोडणीसाठी पैसे भरून मी ताटकळत असताना सौरपंपाचा पर्याय पुढे आला आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत दहा टक्के हिस्सा भरून मी तो घेतला, कारण तिच्यात पाच वर्षांची दुरुस्ती हमी विम्यासह आहे. अवकाळी गारपिटीत माझी दोन पॅनेल फुटली, तेव्हापासून पुरवठादाराकडून ‘माणूस येईल’ एवढेच ऐकतो आहे. विम्याला पंचनामा लागतो, आणि तलाठी म्हणतात की ते पिकाचा पंचनामा करतात, पॅनेलचा नाही.

‘दोनच तर फुटली, बाकीच्यांवर चालवा’ असे मला एका अधिकाऱ्यांनी सुनावले. महोदय, सिलिकॉनच्या सेलवर प्रकाश पडला की त्यातले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि दोन थरांच्या सांध्यावरचे विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेला ढकलते. मात्र एका सेलचा विजेचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट असल्याने सेल आणि पॅनेल एकसर, म्हणजे माळेसारखी एकापुढे एक, जोडावी लागतात. त्या माळेतला एक सेल निकामी झाला तरी सगळ्या माळेचा प्रवाह अडतो. बायपास डायोड तो भाग वगळतो खरा, पण मग विजेचा तेवढा दाब कमी होतो, आणि फुटक्या काचेतून ओल शिरली तर पंप चालवणारा कंट्रोलर पंपच बंद पाडतो. काचेवर तड्यांचे जाळे पसरलेल्या माझ्या पॅनेलमधला एक सेल करपून तपकिरी झाला आहे. पाणी फक्त भर दुपारी येते, तेही करंगळीएवढ्या धारेने, आणि इकडे मोसंबीचा आंबिया बहार गळतो आहे. झाडे जगवायला टँकर विकत घेतो. कर्जाचा हप्ता त्यातच गेला.

दोष तंत्राचा नाही. 1958 साली अवकाशात गेलेल्या व्हॅनगार्ड-1 उपग्रहावरच्या सौर सेलांनी दुरुस्तीशिवाय सहा वर्षे काम केले. दोष आहे तो वस्तू पोहोचवली, फोटो काढला की काम संपले असे मानणाऱ्या कारभाराचा. ठिबकचे हेच झाले, गावच्या हातपंपांचेही हेच झाले. किती पंप बसवले याचे आकडे आम्ही सतत वाचतो; त्यांपैकी आज किती पाणी देतात, हा आकडा मला कुठेही वाचायला मिळालेला नाही. पुढच्या उद्घाटनाआधी तो जाहीर करा.

माझी दोन पॅनेल बदलून द्या, पॅनेलचा पंचनामा कोणी करायचा याचा लेखी आदेश काढा, आणि प्रत्येक तालुक्यात सुट्या भागांसह दुरुस्तीचा माणूस नेमा. बहार हातचा गेल्यावर मिळालेले उत्तर मला उपयोगाचे नाही.

आपला,
एक मोसंबी उत्पादक,
अंबड तालुका, जि. जालना