रेकॉर्ड रूममधल्या भाऊंना

आदरणीय भाऊ,

मी तुम्हाला आठवत असेन असं नाही. तुमच्याकडे रोज किती लोक येतात! मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातली. वडिलांना घेऊन आले होते, जातपडताळणीसाठी 1950 पूर्वीची नोंद शोधत. ग्रामसेवकाच्या नेमणुकीचा आदेश हातात पडला तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात आहे, पण लिहायला बसलं की भरून येतं.

परीक्षा मी अभ्यास करून पास झाले. त्याचं श्रेय आश्रमशाळेतल्या बाईंना आणि आईने तेंदूपत्ता तोडून जमवलेल्या पैशांना. पण पास होऊनही गाडी अडली होती. मी गोंड आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक, सरकारला मात्र ते जुन्या कागदावर दिसायला हवं. कागद मागितला म्हणून माझी तक्रार नाही. खोट्या दाखल्यांवर आमच्या किती जागा गेल्या, ते आमच्याच लोकांनी सोसलंय. राग आहे तो माणसांच्या वागण्याचा. एका कार्यालयात बाबांना दुपारभर व्हरांड्यात उभं ठेवलं आणि शेवटी सांगितलं, "उद्या या." उद्या या म्हणजे पुन्हा एसटीचं भाडं, पुन्हा मजुरी बुडणार. दुसरीकडे एका बाबूंनी मान वर न करताच बाबांना सुनावलं, "लग्न करून टाका पोरीचं, कशाला हिंडता?" बाबा एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

मग आम्ही तुमच्या दारात आलो. तुम्ही बाबांना पाहिलंत आणि उठलात. स्वतःची खुर्ची पुढे केलीत. "बसा काकाजी. लांबून आलात दिसता." बाबा बसेनात. तुम्ही खांद्याला हात लावून त्यांना बसवलंत आणि स्वतः उभ्यानेच बासनं सोडायला लागलात. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, पानं इतकी जीर्ण झाली होती की फाटू नयेत म्हणून तुम्ही खालून फूटपट्टी सरकवून एकेक पान उलटत होतात.

नोंद सापडली. तेवढं मला सांगून तुम्ही मोकळे होऊ शकला असता, नक्कल मलाच हवी होती. पण तुम्ही ते बुक बाबांच्या बाजूला फिरवलंत. बाबांना वाचता येत नाही हे तुम्ही न विचारता ओळखलं होतं. त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलंत आणि सावकाश वाचलंत. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात गोंड. "हे तुमचे वडील, काकाजी. आणि हे तुमचे आजोबा."

बाबा कितीतरी वेळ बोट उचलेनात. मागे लोक ताटकळले होते, त्यांना तुम्ही हातानेच थांबा म्हणालात. आमच्या घरी आजोबांचा फोटो नाही, त्यांच्या हातची एखादी वस्तूही उरलेली नाही. सरकारी कचेरीत बाबांना त्यांचे वडील भेटले, ते तुमच्यामुळे.

पुढची कागदपत्रं झाली, भरती रखडली, मग एकदाची सुटली. ते सांगत बसत नाही. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक अशा पदांवर स्थानिक आदिवासी उमेदवार घ्यायचे, असं 2014 साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं ठरलं. ते का गरजेचं होतं हे मला आता रोज कळतं. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर गावाचा हक्क, मिळाला आणि 2011 मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले. म्हणजे आमची माणसं कारभार करू शकतात हे केव्हाच सिद्ध झालंय. पण कित्येक गावांत अजून ठराव मराठीत लिहिला जातो, कुणी तो समजावून सांगत नाही, आणि म्हाताऱ्या बाया अंगठा लावून घरी जातात. मी ग्रामसेवक झाले तेव्हा एक गोष्ट पक्की केली. ठराव आधी गोंडीत वाचायचा, रजिस्टर त्यांच्याकडे फिरवून, कुठल्या ओळीत काय लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायचं. परवा एका आजीने तेंदूपत्त्याच्या लिलावाचा ठराव मला दोनदा वाचायला लावला आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर रकमेवरून सगळ्या सभेसमोर प्रश्न विचारला. प्रश्न बरोबर होता. ठराव दुरुस्त केला.

हे मला प्रशिक्षणात कुणी शिकवलेलं नाही, भाऊ, तुमच्याकडून घेतलंय. नियम, योजना, पोर्टल सगळं आहे, पण माणसाला ताठ मानेनं कचेरीतून बाहेर पाठवणं समोर बसलेल्याच्या हातात असतं. प्रत्येक तालुक्यात तुमच्यासारखं कुणीतरी जुन्या दप्तरांत बसलेलं असणार, ज्यांचा सत्कार कधी होत नाही. हे पत्र त्यांनाही पोचावं.

तुमचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, तुम्हाला ते आवडणार नाही असं वाटतं. तेंदूचा हंगाम संपला की बाबांना घेऊन भेटायला येते. त्यांनी जोहार सांगितला आहे.

जय सेवा.

तुमची,
धानोऱ्याची ग्रामसेविका