शिकाऱ्यांच्या कराची दखल घ्या

संपादक महोदय,

अमेरिकेतल्या बंदुका म्हटलं की आपल्याकडे फक्त गोळीबाराच्या बातम्या येतात. मोंटाना, वायोमिंगकडची शिकारीची परंपरा त्यात दिसतच नाही. बंदूक जपून वापरण्याची सवयही तिथे जुनीच. १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला गोळ्यांची सहा घरं, पण जाणता माणूस पाचच गोळ्या भरायचा आणि घोडा, म्हणजे गोळीवर आपटणारा भाग, रिकाम्या घरावर ठेवायचा. नुसत्या धक्क्यानेही बार उडण्याची भीती असे. त्याहून मोलाचा १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा. त्याखाली आज रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के, रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवर १० टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. एल्क (मोठं हरीण) आणि रानटर्की पुन्हा वाढले, त्यात या पैशाचा मोठा वाटा आहे. शिकार मला स्वतःला पटत नाही, तरीही ही बाजू वाचकांपुढे यायलाच हवी.

– एक वाचक, सातारा