कार्मो चौकातून

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

निघायच्या आदल्या रात्री आपलं वाजलं, ते विमानातही डोक्यातून गेलं नाही. "दहा वर्षं लष्कराच्या हातात द्या देश, सरळ होतील सगळे," असं तू म्हणालास आणि मी पानावरून उठले. तुला वाटलं रागावले. खरं म्हणजे उत्तर सुचलं नव्हतं. आता पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनमध्ये, कार्मो चौकातल्या बाकावर बसून लिहिते आहे.

तुझ्या बाजूचा पुरावा इथंच आहे, हे आधी कबूल करते. 25 एप्रिल 1974. मध्यरात्रीनंतर रेडिओवर ठरलेलं गाणं लागलं, तीच लष्करी उठावाची खूण. सांतारेंमच्या घोडदळ शाळेतून साल्गेरु माया नावाचा 29 वर्षांचा कॅप्टन चिलखती गाड्या घेऊन निघाला. शहरात शिरताना लाल सिग्नल लागला, तर ताफा थांबला म्हणे! (सरकार उलथायला निघालेली माणसं सिग्नल पाळतात, आणि आपण लक्ष्मी रोडवर... असो.) संध्याकाळी पंतप्रधान काएतानु इथल्याच इमारतीत शरण आले. 48 वर्षांची हुकूमशाही एका दिवसात गेली. सेलेस्त काएरु ही रेस्टॉरंटात काम करणारी बाई कार्नेशनची फुलं घेऊन चालली होती. शिपायानं सिगारेट मागितली, तिच्याकडे नव्हती, म्हणून तिनं फूल दिलं. ते त्यानं बंदुकीच्या नळीत खोचलं. फुलांचे फोटो सगळ्यांना माहीत आहेत. त्याच दिवशी गुप्त पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडून चौघांना मारलं, ते मात्र मला इथं आल्यावर कळलं.

पण हे कॅप्टन लोकांना शिस्त लावायला उठले नव्हते रे. ते लढून लढून विटले होते. अंगोला, गिनी, मोझांबिक या आफ्रिकेतल्या वसाहतींत 1961 पासून युद्ध चाललेलं आणि जिंकायची आशा नाही. आणि त्यांच्या मनात एक जुना सल होता, तो आपल्या दारातला: गोवा. डिसेंबर 1961 मध्ये तेव्हाचा हुकूमशहा सालाझारनं तार धाडली होती, की पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी होतील नाही तर मरतील. गव्हर्नर वासालु इ सिल्वानं ती मानली नाही. 19 डिसेंबरला शरणागती पत्करून तीन हजारांवर माणसं वाचवली. बक्षीस काय, तर मायदेशी अपमान आणि सैन्यातून हकालपट्टी. चूक सरकारची आणि खापर सैनिकांवर, हे अधिकारी विसरले नाहीत. आफ्रिकेतही उद्या आपलंच नाव पुढे करतील, ही धास्ती त्यांना होती. बांद्याच्या आपल्या घरात ओट्यावर बसून अण्णा गोव्याच्या गोष्टी सांगायचे, तेव्हा ही दुसरी बाजू कुणाच्या डोक्यातही नव्हती.

बरं, सैनिक लगेच बराकीत परतले का? मार्च 1975 मध्ये एक फसलेला उठाव, नोव्हेंबरात दुसरा. मधल्या काळात, बरोबर वर्षानं, 25 एप्रिललाच निवडणूक झाली आणि 91 टक्क्यांहून जास्त लोक मताला आले, म्हणून निभावलं असं मला वाटतं. तरी अधिकाऱ्यांची क्रांती परिषद 1982 पर्यंत निवडून आलेल्या सरकारच्या डोक्यावर होतीच. आणि हे चांगल्यातलं उदाहरण, निखिल! या उठावाच्या सातच महिने आधी चिलीत जे लष्करवाले सत्तेवर आले, ते 1990 पर्यंत हलले नाहीत. तुझी दहा वर्षं कोण मोजणार होतं? मायानं म्हणे पुढे देऊ केलेली मोठी पदं नाकारली. असा कॅप्टन आपल्या वाट्याला येईल, हे तू कशावरून धरून चाललास?

काल कश्काइशच्या लोकलनं जाताना काशियश स्टेशन आलं. गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे तिथल्या तुरुंगात होते. सांगलीचा माणूस, गोव्यात मराठी शिकवायला गेलेला. 1955 मध्ये पकडले, गोवा सुटला तरी यांना सोडलं नाही, जानेवारी 1969 ला सुटले. अण्णा असते तर तिथं उतरले असते. मी उठलेही होते, तेवढ्यात दारं लागली.

बाबांना सांग, गुडघा ठीक आहे. तुळशीला पाणी घालतोस ना?

तुझी,
आई