कोरा रकाना

प्रिय चिमणे,

रागावली असशील. चार महिन्यांत तुझ्या दोन मेसेजना नुसते अंगठे पाठवले आणि तिसऱ्याला तेही नाही. विशेष शिक्षकांच्या भरतीची परीक्षा आहे हे तुला ठाऊक आहे, पण आपल्या दोघींत ते कारण चालत नाही. शेवटच्या सेमिस्टरला पेपरच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत तू माझ्याशी भांडत बसली होतीस, तेव्हा कुठे परीक्षा आडवी आली? माझी तब्येत ठीक. मान मधूनमधून धरते, बाकी काही नाही.

आज मात्र लिहिल्याशिवाय राहवेना. आपल्या बटणवाल्याने शर्टाची बटणं लावली. स्वतः, कुणी हात न लावता. आणि मी ते पाहिलं नाही.

गुरुवारची गोष्ट. कोपऱ्यातली खोली, तीच, जिच्या खिडकीला तू पुठ्ठा लावला होतास (अजून आहे). रंगकाम झालं, त्याने रंगाचा शर्ट काढला, मी त्याचा स्वतःचा शर्ट त्याच्या अंगात चढवला आणि दोनच मिनिटं म्हणून वही उघडली. बुद्ध्यंक 50 ते 69 सौम्य, 35 ते 49 मध्यम, 20 ते 34 तीव्र, 20 च्या खाली अतितीव्र. मग श्रवणदोषाचे डेसिबल. 26 ते 40, 41 ते 55, 56 ते 70. डोळे मिटून पुटपुटत होते. नव्वदच्या पुढे पोचले आणि कोपराला ओढ बसली. पाहिलं तर हा समोर उभा, हनुवटी छातीला टेकवून स्वतःच्या पोटाकडे बघतोय. चार बटणं लागलेली. एक काज चुकल्यामुळे शर्टाची एक बाजू वर सरकलेली, खाली एक बटण उरलेलं आणि वर गळ्याशी एक काज रिकामं.

मी ओरडलेच. त्याला उचलायला गेले, तर आता तो माझ्या खांद्याला लागतो. मावशी धावत आल्या, त्यांना वाटलं कुणी पडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या. आणि मग मी त्याच्या प्रगतीचा तक्ता काढला आणि पेन हातात तसंच राहिलं.

काय लिहू, सांग. कुठल्या बटणापासून सुरुवात केली? कुठल्या हाताने काज धरलं? खाली बघून लावलं की नुसतं चाचपून? मध्ये अडला का, अडल्यावर परत प्रयत्न केला का? मला काहीच माहीत नाही. त्या चुकलेल्या काजावरून काही कळतं का म्हणून मी घरी येऊन माझ्याच शर्टावर करून पाहिलं. वरचं बटण दुसऱ्या काजात घालून खाली गेलं तरी तेच होतं, आणि खालच्या काजात चौथं बटण घालून वर गेलं तरी तेच. मॅडमचं वाक्य आठवतं ना, न पाहिलेलं नोंदवायचं नाही. महिनोन्‌महिने ज्या रकान्यात आपण ‘शा. म.’ लिहीत आलो, शारीरिक मदत, शारीरिक मदत, त्याच्या शेजारचा ‘स्वतंत्र’चा रकाना पहिल्यांदा भरायची वेळ आली आणि मी तो कोरा ठेवला. हे इथे कुणाला सांगू? सगळे म्हणतात, अगं लावली ना बटणं, झालं तर मग. तुला सांगावं लागणार नाही की झालं नाही.

आपलं ते भांडण आठवतंय? तुझं म्हणणं, पश्चगामी साखळी. काज आपण धरायचं, बटणाची कड आपण घालायची, अर्धं बटण पलीकडे काढून द्यायचं आणि शेवटची ओढ तेवढी त्याची. म्हणजे प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पुरं होतं, आणि पुरं होण्याचा आनंद हेच प्रबलन, परत करावंसं वाटायला लावणारं बक्षीस. माझं म्हणणं, सुरुवात त्याने करायची, नाहीतर तो जन्मभर कुणीतरी सुरू करून देण्याची वाट बघत उभा राहील. तीन आठवडे तुझे, तीन आठवडे माझे, अशी मॅडमनी वाटणी केली आणि सहा आठवड्यांनी दोघींचेही तक्ते सारखेच. तू म्हणालीस की माझ्या तीन आठवड्यांनी तुझं काम बिघडवलं. मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी तू ते ब्रेलमधलं कार्ड आणलंस, वाढदिवस नसताना! पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचायचं असतं हे रागाच्या भरात विसरलीस, आणि ब्रेल विभागातल्या सरांनी त्यावरून बोट फिरवून गंभीरपणे विचारलं की ही कुठली भाषा. ते कार्ड माझ्याकडे आहे. त्यात काय लिहिलं होतंस ते मी आरशासमोर धरून वाचलंय, एवढंच सांगते.

तर गुरुवारी रात्री सराव परीक्षा होती. सतरावा प्रश्न: कौशल्याची शेवटची पायरी आधी शिकवण्याच्या पद्धतीला काय म्हणतात? चार पर्याय, एक गुण. मी दहा सेकंदांत बरोबर उत्तर दिलं आणि मग अठरावा प्रश्न दोन मिनिटं समोर तसाच. पुढे तर फारच गडबडले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षणाचं वय 6 ते 18, हे झोपेतसुद्धा सांगेन मी, पण खूण 14 वर केली. ते वय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं. उणे गुण. 1992 चा पुनर्वास परिषदेचा, 1995 चा अपंगत्वाच्या सात प्रकारांचा, 1999 चा राष्ट्रीय न्यासाचा, 2016 चा एकवीस प्रकारांचा, हे चार कायदे माझ्या डोक्यात एकमेकांच्या जागेवर जाऊन बसतात. न्यासाच्या कायद्यातले चार प्रकार मात्र कधी चुकत नाहीत, तुझ्या ‘स्वमेमब’ मंत्राची कृपा: स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व, बहुविकलांगता. एकवीससाठी असं काही करून ठेवलं असतंस तर किती बरं झालं असतं. आणि या टेस्ट सिरीजच्या उत्तरतालिकेत एके ठिकाणी अजून सातच प्रकार आहेत! पैसे भरून हे. मी कळवलं, उत्तर नाही.

अभ्यास वाया जातोय असं मी म्हणत नाही. खरंच नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की मी तेव्हा पाठ केला होता, आता समजतोय. आज मदतीने जमतं आणि उद्या एकट्याने जमेल, त्या मधल्या जागेत शिकवायचं. बटणवाला तिथेच तर होता इतके दिवस! पण मग अॅन सुलिव्हान येते, अंध आणि बहिऱ्या हेलन केलरची शिक्षिका. तारखा आल्याच पाहिजेत: 3 मार्च 1887 ला बाई हेलनकडे पोचल्या, 5 एप्रिलला पंपाखाली पाण्याचा शब्द कळला. वय विशीचं, स्वतःचे डोळे अधू, आणि त्याच दिवशी त्यांनी ते सगळं पत्रात लिहून कळवलं. हेलनच्या हातातला पाण्याचा मग कसा गळून पडला, तिचा चेहरा कसा झाला, सगळं. कारण त्या बघत होत्या. ज्यांची नजर अधू होती त्यांना दिसलं आणि मी 6/6 वाली वहीत डोकं घालून बसले. परीक्षेत यातली फक्त तारीख विचारतात. त्या खोलीत असताना वही उघडायची नाही, हे मला कुणी सांगायला हवं होतं का गं? दहा दिवसांपूर्वीपर्यंत मी उघडतही नव्हते.

काळजी खरी पुढची आहे. परीक्षेला 40 दिवस राहिलेत. वयाच्या अटीचं गणित तू जाणतेस, माझ्यासाठी यानंतरची भरती धरायचीच नाही. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांना पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं सांगितलं, तेव्हा आपण दोघी फोनवर रडलो होतो. माझ्याकडे आज तीन शाळांची मिळून 41 मुलं आहेत आणि माझा करार दर वर्षी संपतो. दर वर्षी शेवटचा महिना मी मुलांच्या पालकांना “पुढच्या वर्षी भेटू” म्हणायचं टाळते. कायमची नोकरी मला हवी आहे, आणि ती मला मिळायला हवी, हेही मी आता संकोच न करता म्हणते. सात वर्षं केलंय हे काम. पण पास झाले की नेमणूक जिथे येईल तिथे जायचं. मग हा तक्ता कुणाकडे? माझ्या जागी कुणी येईलच असं नाही. आलं तरी त्यांना हे कोण सांगणार की याला समोरून दाखवलेलं उलटं कळतं, त्याच्या मागे उभं राहून आपले हात त्याच्या हातांवर ठेवायचे? ते कुठल्या आराखड्यात लिहिलेलं नाही, मी आता लिहायला घेतलंय. प्रत्येक मुलाचं एकेक पान. तेवीस झाली. ती पानं लिहिताना अभ्यास राहतो, अभ्यास करताना पानं राहतात, आणि दोन्ही करताना गुरुवारसारखं होतं. रात्री झोप लागत नाही म्हणून दोन्हींतलं काहीच धड होत नाही.

बाबा म्हणतात 40 दिवसांची रजा घे. मिळेलही. पण आत्ता, बटणं लागल्यावर? आधी घेतली असती तर वेगळी गोष्ट.

तुझं काय चाललंय? बदलीचं झालं का? लेकीचा पुढचा दात पडला तो फोटो पाहिला, अगदी तुझ्यासारखी दिसते गं. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? त्यांना नमस्कार सांग. नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख बघून ठेव, मागच्या वेळी तू शेवटच्या दिवशी मला फोन केला होतास.

हो, शुक्रवारचं सांगायचं राहिलं. शुक्रवारी वही बॅगेत, बॅग खोलीबाहेर. त्याचा शर्ट चढवला आणि मी समोरच्या लहान खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले. त्याने नेहमीसारखी शर्टाची कड धरून माझ्यापुढे केली. मी हात हलवला नाही. बराच वेळ तो माझ्या हातांकडे बघत राहिला, मग स्वतःच्या. मग त्याने एक बटण अंगठ्याखाली घेतलं आणि कापडावर दाबलं, जिथे काजच नव्हतं तिथे. दाबलं, सोडलं, परत दाबलं. मी श्वास धरून बसले होते. तेवढ्यात व्हॅनचा हॉर्न वाजला आणि मावशींनी येऊन पाचही बटणं पटापट लावून टाकली.

पण एक सांगते. ते बटण वरून तिसरं होतं. मधलं. माझ्या तीन आठवड्यांत मी कायम वरून सुरू करायचे. तू कुठून करायचीस, मला काही केल्या आठवत नाही, आणि त्या वर्षाची फाईल तू प्रोजेक्टसाठी नेलीस ती तुझ्याकडेच आहे. निळी, पाठीवर चिकटपट्टी लावलेली. ती काढ आणि तुझ्या पहिल्या आठवड्याच्या पानाचा फोटो आजच पाठव. सोमवारी तो शाळेत यायच्या आधी मला ते पान बघायचंय.

तुझीच