बाटल्या मिळाल्या, आई

बर्गन, नॉर्वे
१४ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस सा. नमस्कार,

दादाच्या मित्राबरोबर पाठवलेलं सगळं मिळालं. भडंग कुरकुरीत आहे, मेतकुटाची पुडी फुटली नाही. बी-बारा, झिंक, मॅग्नेशियम आणि डी-थ्रीची ६०,००० युनिटची पाकिटंही मिळाली. मी बरी आहे. फोनवर चेहरा ओढलेला दिसतो तो दिव्यामुळे. इथे चारलाच अंधार पडतो.

डी व्हिटॅमिनची काळजी करू नका. इथे ज्या महिन्याच्या नावात 'र' आहे, त्या महिन्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल प्यायची जुनी रीत आहे. त्याला 'त्रान' म्हणतात. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत रोज. मे, जून, जुलै, ऑगस्ट यांच्या नॉर्वेजियन नावांत 'र' येत नाही, आणि तेव्हा ऊनही असतं, म्हणून सुट्टी. घरमालकीणबाई न्याहारीआधी फ्रिजच्या दारातली बाटली काढतात, एक चमचा स्वतः घेतात आणि एक माझ्यापुढे धरतात. त्या ५ मिलीत १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट असतात. बाबा, तुमच्या एका पाकिटात असे दीडशे चमचे झाले! डी शरीरात साठतं, फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. म्हणून रक्त तपासल्याशिवाय पाकीट फोडणार नाही, रागावू नका. आणि हो, मी ते तेल घेते. आजीला सांगू नका.

आई, बी-बारा खरंच कमी निघालं होतं, तुझं बरोबर होतं. गोळ्यांनी थकवा गेला, पायाच्या मुंग्या गेल्या. हात धुणं थांबलं नाही. नळ बंद केला की परत उघडायचा. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त यायचं. थंडीने हात फुटलेत असं तुला सांगितलं, ते खोटं होतं.

गेल्या महिन्यात मी ओसीडी म्हणाले आणि तू रडायला लागलीस, म्हणून पुढचं राहिलं. आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तोच हा मनाचा आजार. आजीच्या सोवळ्यासारखा नाही. आजीची पूजा आटोपली की ती निवांत असते. मला 'झालं' असं कधी वाटायचंच नाही. तुझ्या स्वयंपाकात काही कमी पडलं म्हणून झालेला नाही, हे डोक्यातून काढ.

याच गावातल्या हाउकेलान रुग्णालयात गेर्ड क्वाले आणि ब्यार्ने हान्सेन या मानसशास्त्रज्ञांनी चार दिवसांचा उपचार तयार केला आहे. मार्चमध्ये मी तो घेतला. जितके पेशंट तितकेच थेरपिस्ट. मी संडासाची कडी धरली, तोच हात केसांवरून, गालांवरून फिरवला आणि न धुता पाव खाल्ला. छाती धडधडत होती. शेजारी उभी असलेली थेरपिस्ट सांगत होती, भीती घालवायला जाऊ नकोस, तिच्याकडे झुक. एका दुपारी सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. माझं कुणी नव्हतं. तुम्हाला मी कळवलंच नव्हतं ना.

आता बोटं भरून आली आहेत. कधी कधी नळाशी घुटमळते, पण निघून येते.

दादाच्या खात्यात ४०,००० टाकलेत. त्यातून आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करा, स्लॅबचं पावसाळ्याआधी बघू. दिवाळीला आले नाही याचं फार वाईट वाटतं. मे महिन्याचं तिकीट काढते.

पुण्याच्या स्थळाचं ताईकडून कळलं. 'तिचं बी-बारा कमी झालं होतं, आता ठीक आहे' असं मावशीने त्यांना सांगितलंय म्हणे. आई, ते तसंच राहू देऊ नकोस. मुलाचा नंबर पाठव, मी स्वतः बोलते. नाही म्हणाला तर म्हणू दे. बाबांच्या जिवाला घोर लागेल, कळतं मला. पण सासरी दार लावून, कुणाला कळू नये म्हणून नळ बारीक सोडून हात धुवायचे, हे माझ्याच्याने होणार नाही.

आजीला नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची,
मनू

ता. क. बी-बाराच्या गोळ्या मात्र रोज घेते आहे. औषधाचं बिल किती झालं ते बाबांनी लपवू नये.