सोसायटीच्या आवारातल्या दिव्यांचं काम गावातल्याच वायरमनकडे द्यावं, यासाठी पत्र

दि. १४ सप्टेंबर २०२५
गुहागर

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : आवार, बाग आणि मागच्या पाखाडीवरील (पायऱ्यांच्या वाटेवरील) दिव्यांचं काम स्थानिक परवानाधारक व्यावसायिकाकडे देण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

गौरी आल्या त्या संध्याकाळी सर नुकतीच ओसरली होती. सासूबाई तेरड्याच्या डहाळ्या घेऊन मागच्या पाखाडीने वर येत होत्या. पायऱ्या निसरड्या, दोन दिवे बंद, म्हणून त्यांनी आधाराला लोखंडी कठडा धरला आणि कळवळून हात मागे घेतला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. नंतर मुलांकडून कळलं की पावसात तिथे ‘चिमटा बसतो’ हे त्यांना जुलैपासूनच माहीत होतं. आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट मला अजून सोडत नाही.

सण असूनही गावातले वायरमन अर्ध्या तासात आले. मेन बंद करून त्यांनी कठड्याजवळचा जोडणीचा डबा उघडला, तेव्हा मी बॅटरी धरून शेजारीच उभी होते. झाकण सैल होताच आतून तांबूस पाणी ओघळलं. तांब्याच्या तारांवर हिरवी पुटं चढली होती, सांधे नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळले होते आणि अर्थिंगची तार कुठेच न जोडता आखूड कापून सोडली होती. दिव्यांवर ‘आयपी ६५’ छापलेलं आहे, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत जाणार नाही. पण डबा मात्र घरात भिंतीला लावतात तसला साधा प्लॅस्टिकचा. दिवा कितीही चांगला घेतला तरी पाणी शिरतं ते सांध्यातूनच. शिवाय ही लाइन थेट पंपाच्या पॅनलवरून ओढलेली आहे आणि मध्ये आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच, नाही. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असती तर गळती होताक्षणी वीज तुटली असती.

हे काम मागच्या वर्षी बाहेरून आलेल्या ठेकेदाराने केलं होतं. नारळी पौर्णिमेपर्यंत निम्मे दिवे आतून पाण्याने भरले. फोन केले तर ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ एवढंच उत्तर मिळायचं. पाचशे रुपयांच्या दुरुस्तीसाठी एवढा घाट उतरून कोणी येत नाही, हे मी समजू शकते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की नवं काम अशा माणसाला द्यावं, ज्याला आषाढातल्या रात्री दिवे ट्रिप झाले तर दुचाकीवरून दहा मिनिटांत येता येईल आणि ज्याला रोज बाजारात आपल्याला तोंड द्यायचं आहे. मात्र नुसता ओळखीचा आहे म्हणून नको. वायरमनचा परवाना आणि विद्युत ठेकेदाराचं लायसन्स दोन्ही चालू आहेत का, हे समितीने कागद हातात घेऊन बघावं आणि झेरॉक्स फाइलला लावावी.

इथल्या हवेचं गावातल्या माणसाला माहीत असतं, हेही महत्त्वाचं. खाऱ्या वाऱ्यात साधे स्क्रू एका हंगामात गंजतात. स्टेनलेस स्टीलमध्येसुद्धा ३०४ आणि ३१६ असा फरक आहे. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राकाठी तेच टिकतं. जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे मे महिन्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्याचं रीडिंग भर पावसात घेऊन समाधान मानण्यात अर्थ नाही, ते उन्हाळ्यात घ्यायला हवं. मागच्या वेळी तीन दिवे नेमके माडांखाली लावले होते. एक नारळाने फुटला, दुसरा झाप पडून वाकला. आमच्या वायरमननी आवारात फिरताना पहिली नजर वर टाकली, मग जमिनीकडे पाहिलं. माडांच्या आळ्यांमधून केबल नको, कारण दरवर्षी खत घालताना कुदळ चालणार, हेही त्यांनी न विचारता सांगितलं.

त्यांनी सुचवलेली योजना अशी : बाग आणि पाखाडीवर ५ वॅटचे १८ एलईडी दिवे, सगळे २४ व्होल्टवर. हात लागला तरी एवढ्या व्होल्टेजचा धोका फार कमी. १२ व्होल्ट का नको, तर तेवढ्याच दिव्यांना दुप्पट करंट लागतो आणि लांबच्या टोकाला व्होल्टेज पडून शेवटचे दिवे मिणमिणतात. आपली पाखाडी चाळीस मीटर आहे, तिथे हे नक्की जाणवेल. फाटकापर्यंतची २३० व्होल्टची लाइन आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेल्या, केबलने, अडीच फूट खोल चरातून. जांभा फोडायचा म्हणजे मजुरी वाढणार, पण वरवर पुरलेल्या केबलचं काय होतं ते आपण पाहिलंच आहे.

विजेचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला. सध्याचे १०० वॅटचे चार फ्लडलाइट रात्रभर, म्हणजे बारा तास, जळतात. रात्रीला ४.८ युनिट, महिन्याला १४४. नवे १८ दिवे मिळून ९० वॅट. दिवेलागणीपासून अकरापर्यंत टायमरवर ठेवले तर रात्रीला अर्धा युनिटही लागत नाही. अकरानंतर फाटकाचा आणि जिन्याजवळचा असे दोन दिवे पुरेत.

आता एक विनंती, जी मला खर्चाइतकीच महत्त्वाची वाटते. आपली इमारत उतारावर आहे आणि पश्चिमेच्या फ्लडलाइटचा पांढरा उजेड सरळ पुळणीवर पडतो. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, प्रामुख्याने नोव्हेंबर ते मार्च. पिल्लं त्यानंतर मेपर्यंत बाहेर पडत राहतात. वाळूतून वर आलेलं पिल्लू उजळ क्षितिजाकडे जातं. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं, पण मागे दिवा असेल तर ते रस्त्याकडे वळतं. दोन वर्षांपूर्वी सकाळी फिरायला गेले असताना वाळूत उलट दिशेला उमटलेल्या बारीक वल्ह्यांसारख्या खुणा मी पाहिल्या आहेत. त्या सुरूच्या झाडांपर्यंत जाऊन थांबल्या होत्या. म्हणून पश्चिमेचे फ्लडलाइट काढूनच टाकावेत. तिथे गुडघ्याएवढ्या उंचीचे, खाली तोंड असलेले, पिवळसर नारिंगी दिवे लावावेत आणि नोव्हेंबर ते मे ते रात्री आठला बंद करावेत. इतरत्रही २७०० ते ३००० केल्व्हिनचाच, म्हणजे पिवळसर, उजेड असावा. त्यावर किडेही कमी येतात.

कोटेशन सोबत जोडलं आहे, नाव-पत्ता त्यावर आहे. समितीला आणखी दोन कोटेशनं मागवावी लागतील, ती जरूर मागवा. पण तिघांनाही हीच यादी द्या, नाहीतर सर्वांत स्वस्त कोटेशनमधून नेमकी आरसीसीबी आणि अर्थिंग गळलेली असायची. दहा टक्के रक्कम पुढच्या दिवाळीपर्यंत राखून ठेवावी, म्हणजे एक अख्खा पावसाळा काढूनच पूर्ण पैसे जातील. वायरमनना ही अट मान्य आहे. दरवर्षी आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, सगळे डबे उघडून तपासणं आणि केबल कुठून गेली त्याचा नकाशा देणं हेही त्यांनी लिहून दिलं आहे.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होणारच आहे. हा विषय कृपया त्या विषयपत्रिकेवर घ्यावा. सभेच्या संध्याकाळी अंधार पडल्यावर वायरमन पाखाडीवर दोन दिवे तात्पुरते लावून दाखवायला तयार आहेत. सगळ्यांनी एकदा खाली उतरून, चालून बघावं.

कठड्याची लाइन त्यांनी त्या रात्रीच तोडून ठेवली आहे. पाखाडीवर अंधार होतो म्हणून दोघांनी ती पुन्हा जोडण्याविषयी विचारलं. काम होईपर्यंत ती कोणीही जोडू नये, अशी सूचना आजच फलकावर लावावी, ही विनंती.

आपली नम्र,
सभासद, ब विंग, दुसरा मजला

सोबत : कोटेशन, वायरमन परवान्याची प्रत, जोडणीच्या डब्याचे तीन फोटो